भिंतीपलीकडचे तिघे

आमच्या बिल्डिंगच्या खालच्या दाराशी बेलची पाटी आहे. प्रत्येक बटणापुढे एक नाव. आमचं नाव मुलानं छापून लावलं, ते आल्या दिवसापासून तसंच आहे. शेजारच्या बटणापुढचं नाव मात्र बदलायचं. आम्ही आलो तेव्हा तिथे देस्ता होतं. पुढे गमाचू झालं. मग हागोस. मग परत देस्ता. एबीसीडी मला जुळवून वाचता येते, म्हणून वेळ लागायचा, पण रोज वाचायचो. गंगाला, म्हणजे माझ्या बायकोला म्हटलं, "शेजारच्या घराला काहीतरी आहे बघ. भाडेकरू येतात नि पळतात."

ती म्हणाली, "मग लिफ्टमध्ये तोच टोपीवाला उंच माणूस कसा काय भेटतो दर वेळी?"

त्या टोपीवाल्याबद्दल लिहायचंय. सूनबाई स्नेहा म्हणाली, "बाबा, तेच तेच रोज सांगता, एकदा लिहून तरी काढा." मी निपाणीचा. तंबाखूच्या वखारीत जन्म गेला, शाळा सातवीपर्यंत, तीसुद्धा ढकलत ढकलत. मुलगा इकडे जर्मनीत येना गावात भिंगांच्या कारखान्यात इंजिनियर झाला, त्यानं आम्हा दोघांना आणलं. शुद्धलेखनाचं स्नेहा बघेल. खरंखोटं मी बघतो.

ह्या बिल्डिंगा जुन्या, दोन जर्मनी होत्या तेव्हाच्या. सिमेंटचे तुकडे जोडून उभ्या केलेल्या. भिंत म्हणजे नावाला. दुपारी आमची जेवणं झाली की पलीकडून आवाज यायचे. एक म्हातारी बाई, घोगऱ्या आवाजाची, भरभर बोलणारी. एक पुरुष, जाड आवाजाचा, दोन शब्दांच्या मधे थांबणारा. आणि एक लहान पोर. पोर दोघांना उत्तरं द्यायचं, मधेच हसायचं.

गंगा भिंतीला कान लावून म्हणाली, "अहो, बाई एक भाषा बोलते, बाप्या दुसरीच बोलतो. आणि पोर तिसरी."

"तुला काय कळतंय त्यातलं?"

"कळायला कशाला पाहिजे? माझी आई कानडी बोलायची, तुम्ही मराठी, पोरगा फोनवर इंग्रजी. माझा कान तयार झालाय."

गंगा गोकाककडची. लग्न होऊन निपाणीत आली आणि चार महिन्यांत मराठी शिकली. आमच्या घरात तिनं कानडी ठेवली ती एकाच वाक्यापुरती. दुपारी मी बाहेर जाऊन बसलो की आतून ओरडायची, "ऊटा आतेन री?" म्हणजे जेवण झालं का हो? वाढलेलं तिनंच असायचं, ताटही तिनंच उचललेलं असायचं, तरी विचारायची. इथे आल्यावरसुद्धा बाल्कनीत बसलो की तेच. मी "आतु, आतु" म्हणायचो. झालं, झालं.

तर ते तिघे. आवाज रोज यायचे, पण जिन्यात, लिफ्टमध्ये, खाली कचऱ्याच्या डब्यांपाशी कधी कुठली म्हातारी दिसली नाही, पोर दिसलं नाही. गंगा घाबरायला लागली. मी म्हटलं, बघूनच येतो. आवाज ऐन रंगात असताना जाऊन बेल वाजवली. एकदम गप्प. दार उघडलं तर तो एकटा. डोक्याला विणलेली टोपी, हातात तवा, तव्यात कॉफीच्या बिया भाजून काळ्या झालेल्या, धूर निघतोय. मागे फरशीवर ओलं हिरवं गवत पसरलेलं. घरात गवत! आणि गवतावर तीन रिकाम्या खुर्च्या.

काही न विचारता त्यानं मला आत घेतलं, चौथी खुर्ची आणली. मग तवा घेऊन एकेका खुर्चीपुढे गेला. रिकाम्या खुर्चीपुढे तवा धरायचा, वास घेईपर्यंत थांबायचा, मान हलवायचा, पुढच्या खुर्चीकडे जायचा. शेवटी माझ्यापुढे आला. मी कसा घाईनं वास घेतला ते मलाच माहीत. वखारीत जन्म काढलेला माणूस मी, धुराला भीत नाही. पण उठून पळावंसं वाटलं.

त्यांच्याकडे, म्हणजे इथिओपियात, कॉफी अशीच पितात, हे नंतर कळलं. गवत, धूप, बिनकानाचे कप, आणि तीन वेळा ओतायची. तिसरा कप आशीर्वादाचा. तो न घेता उठायचं नाही. हे बायकांचं काम. बाप्यानं केलं तर गावात हसतात. "आल्झो, इथे कोण बघतंय?" म्हणाला. आणि खुर्च्यांकडे बघून हसला.

प्रत्येक वाक्याची सुरुवात 'आल्झो'नं, म्हणजे आपल्या 'तर'नं, करायची त्याची सवय. माझी जर्मन म्हणजे बाजारापुरती, त्याची हिंदी शून्य. दोघांची इंग्रजी मोडकी. गोष्ट मोठी असली की स्नेहा मधे बसायची आणि दोन्हीकडचं सांगायची. तिनंच एकदा विचारलं, नावं का बदलता? हाउसमाइस्टर, म्हणजे बिल्डिंगचा देखभालीवाला, रोज कावतो, पोस्टमन पत्रं परत नेतो.

तो म्हणाला, "बदलत नाही. तिन्ही माझीच आहेत. आई हागोस म्हणायची, बाप गमाचू म्हणायचा, शाळेत देस्ता. अर्थ एकच. आनंद."

"मग आमच्यात आनंदराव," मी म्हटलं.

"आनान्द-राओ." त्यानं दोनतीनदा म्हणून बघितलं. "हे कोणाच्या बाजूचं?"

"कोणाच्याच नाही. निपाणीचं."

फार हसला. तेव्हापासून आम्ही त्याला आनंदरावच म्हणत आलो.

आई उत्तरेकडच्या डोंगरातली, तिग्रिन्या बोलणारी. बाप पश्चिमेचा, ओरोमो. दोघं पोटासाठी राजधानीत आली, तिथली भाषा अम्हारिक. पोरगं गल्लीत आणि शाळेत अम्हारिक शिकलं. पूर्वी त्या देशात सरकारदरबारी ही एकच भाषा चालायची. त्याच्या बापानं लहानपणी शाळेत ओरोमो शब्द तोंडातून काढला म्हणून छड्या खाल्लेल्या. पुढे राज्य पालटलं. ज्याची भाषा त्याचा प्रांत, त्याच्याच भाषेत शाळा नि कचेरी, असा कायदा आला. बाप थकून गावी परतला होता. कचेरीवर आपल्या भाषेतली पाटी लागलेली त्यानं बघितली आणि पाटीखाली बसून रडला. आनंदानं. आणि त्याच कचेरीत ओळखपत्राला गेले तेव्हा कारकुनानं आईला विचारलं, तुम्ही कुठल्या जमातीच्या? तिनं सांगितलं. तो म्हणाला, मग तुमचा प्रांत हा नव्हे. इतका संसार झाला आणि नवऱ्याच्या गावात ती पाहुणी झाली.

"आणि तुम्हाला काय लिहिलं?" स्नेहानं विचारलं.

"एकच लिहितात. बापाचं लिहितात. मी इकडून भेटीला गेलेलो, आई शेजारी उभी होती. मी तिच्याकडे बघितलं नाही."

मी म्हटलं, "हे मला नका सांगू. आमची अर्धी उमर पाट्यांना काळं फासण्यात नि धुण्यात गेली. रेघ ओढणारा एक असतो, ती अंगावरनं जाते दुसऱ्याच्या." स्नेहानं हे जर्मनमध्ये सांगितलं तेव्हा तो मोठ्यानं म्हणाला, "गेनाऊ!" म्हणजे बरोब्बर. आणि माझ्या गुडघ्यावर थाप मारली.

पण कायदा वाईट असं त्याच्या तोंडून कधी आलं नाही. स्नेहानं खोदून विचारलं की म्हणायचा, "बाप रडला तेही खरं. आई पाहुणी झाली तेही खरं. मी कोणाला खोटं पाडू?"

तो स्वतः तरुणपणीच इकडे शिकायला आलेला. ज्या सरकारनं पाठवलं ते पडलं, आणि ज्या जर्मनीनं घेतलं तीही उरली नाही. मग इथेच राहिला, भिंगं घासली, पेन्शनीत निघाला. लग्न केलं नाही. का, विचारलं तर म्हणायचा, "पोराला हाक कुठल्या भाषेत मारू?"

बाप गेल्यावर आई उत्तरेला बहिणीकडे गेली. तिकडे युद्ध पेटलं. फोन बंद. तो रोज नंबर फिरवायचा, नुसती शांतता. पुष्कळ दिवसांनी लाइन लागली तेव्हा भाच्यानं सांगितलं, आजी केव्हाच गेली. कुठल्या दिवशी, हे कोणाला नीट सांगता येईना. रडायलाही कोणी जमलं नव्हतं.

तेव्हापासून त्या खुर्च्या. आई, बाप, आणि तो लहानपणचा. तिघांचं तोच बोलायचा. मी समोर बसून बघितलंय. तोंड त्याचंच हलायचं. पण मान कलली की घोगरी म्हातारी यायची, छाती फुगली की जाड आवाजाचा म्हातारा. आणि पोराचा आवाज आला की मी खाली गवताकडे बघायचो. सत्तरीच्या माणसाच्या गळ्यातून तसा आवाज निघतो कसा, हे मला आजही कळलेलं नाही.

बेलवरच्या नावाचंही मग कळलं. बातम्या जशा, तसं नाव. उत्तरेत माणसं मेली की हागोस. बापाच्या मुलखात मेली की गमाचू. सगळीकडे शांत असलं की देस्ता. देस्ता फार थोडे दिवस असायचा.

एकदा आग विझवणारे आले. शेजारणीला धुराचा वास आला, तिनं फोन केला. छतावरच्या धुराच्या भोंग्याला आनंदरावांनी अंघोळीची प्लॅस्टिकची टोपी घातलेली होती, म्हणून तो वाजला नव्हता. मोठमोठे बूट घातलेले तिघंचौघं गवत तुडवत आत घुसले. खुर्च्या आणि भरलेले कप बघून एकानं विचारलं, "बाकीची माणसं बाहेर निघाली का?"

"नाही. ती जात नाहीत."

त्या बिचाऱ्यांनी पलंगाखाली बघितलं, न्हाणीघरात बघितलं, कपाटं उघडली. गंगा आमच्या दारात उभी राहून पदर तोंडात धरून हसत होती. एक तरुण गडी मात्र हसला नाही. खुर्च्यांपाशी परत परत जात होता. शेवटी मधल्या खुर्चीच्या बैठकीवर त्यानं हात ठेवला आणि चटकन काढला. बाहेर येऊन हात पँटीला पुसत राहिला. काय लागलं हाताला, कोणी विचारलं नाही.

मग गंगाच्या डोक्यात रक्त साकळलं. दवाखान्यातून घरी आणली तेव्हा मराठी गेलेली. साफ. मुलाशी बोलायची ती कानडीत, आणि मुलाला कानडी येत नाही. मी मधे बसून सांगायचो. आनंदराव एका बाजूला बसून तिच्या तोंडाकडे टक लावून बघायचे. बाहेर येऊन मला विचारलं, "शेवटी हीच राहिली?"

"हीच. आईची."

"माझ्या तोंडात कुठली राहील? आणि ऐकायला कोण असेल?"

मी आत गंगाकडे निघून गेलो. माझंच घर जळत होतं.

गंगा गेली. इथे माणूस गेलं की सगळं ठरलेल्या वेळेला. अंत्यविधीची तारीख मिळायला दिवस गेले, राखही हातात देत नाहीत, सरकारी जागेत पुरतात. मुलगा चांगला आहे, पण त्याला कामावर जावं लागलं. फोन येत होते. माणूस येत नव्हतं. आनंदराव मात्र आले. बूट दाराबाहेर काढले, स्वतःची खुर्ची स्वतः आणली, माझ्याशेजारी ठेवली आणि बसले. सांत्वन नाही, काही नाही. अंधार पडला की उठून जायचे, दुसऱ्या दिवशी परत. त्यांच्याकडे अशीच रीत. मयताच्या घरी जायचं आणि नुसतं बसायचं. चार दिवस असे बसले. शेवटी म्हणाले, "तू रडत नाहीस."

"येत नाही."

"आल्झो. आमच्यात कोणीतरी सुरू करावं लागतं. एक सुरू करतो, मग सगळ्यांना येतं."

मग स्नेहाला मधे बसवून स्वतःचं बोलले. त्यांच्या लोकांत मयताचं मंडळ असतं. सगळे वर्गणी देतात, आणि कोणी गेलं की मंडळ तंबू घालतं, जेवण घालतं, रडायला माणसं आणतं. इथेही त्यांच्या लोकांचं असं एक होतं. युद्धानंतर फुटलं. ओरोमोंचं वेगळं झालं, उत्तरेकडच्यांचं वेगळं. दोघांनी बोलावलं, पण दोघंही म्हणाले, आमचा हो, पुरता. "मी म्हटलं, मला अर्धा अर्धा पुरा. कोणी हसलं नाही." मग माझ्याकडे वळले. "मी मेलो की एक बाजू म्हणेल, त्याचा होता, तो रडेल. दुसरीही तेच म्हणेल. तू सुरू कर. तुझ्या भाषेत. तुला कोणी विचारणार नाही, कुठल्या बाजूचा."

मी म्हटलं, "बायकोला रडलो नाही, तुम्हाला कुठनं रडू?" मी हा असा बोलतो. त्यांना राग आला नाही.

पुढच्या आठवड्यात कॉफीला बोलावलं. गवत, धूर, सगळं तेच. पण माझ्याशेजारी आणखी एक खुर्ची. पहिला कप झाला, दुसरा झाला. आई बोलली, बाप बोलला, पोर हसलं. तिसरा कप ओतताना त्यांनी त्या नव्या खुर्चीपुढेही ओतला. मान कलली, म्हातारीच्या बाजूला नाही, दुसरीकडेच. आणि आवाज आला, "ऊटा आतेन री?"

तोच हेल. शेवटचा 'री' वर उचललेला. जन्मभर ऐकलेला.

माझ्या हातातला कप गवतावर पडला. मी उभा राहिलो आणि तोंडाला येईल ते बोललो. माझ्या बायकोची नक्कल करता? लाज नाही? तो सगळा राग मराठीतच निघाला. ते घाबरून बघत राहिले आणि जर्मनमध्ये एवढंच म्हणाले, "मी नाही. मी कॉफी ओतत होतो."

तिसरा कप न घेता मी निघून आलो.

स्नेहा म्हणाली, "बाबा, भिंत कागदाची आहे. आई रोज ओरडायच्या, त्यांच्या कानात बसलं असेल." असेल. मी पण तेच म्हणतो. पण घोगरी म्हातारी बोलते तेव्हा त्यांचे ओठ हलतात, हे मी बघितलेलं होतं. त्या दिवशी मी ओठांकडेच बघत होतो. ते हलले की नाही, मला आठवत नाही. आठवायला बसलो की नुसता कप दिसतो.

मी जायचं बंद केलं. पलीकडचे आवाजही बंद झाले. भिंत अशी गप्प, की आम्ही इकडे हळू बोलायला लागलो. मग एक दिवस अँब्युलन्स येऊन गेली, आणि आठवड्यानं हाउसमाइस्टरनं सांगितलं, हृदय बंद पडलं. इथे नातेवाईक सापडत नाहीत, नगरपालिका पुरणार आहे.

पुरायला दोन्हीकडचे आले, हे सांगायला पाहिजे. एका बाजूला ओरोमो उभे, दुसऱ्या बाजूला उत्तरेकडचे, मधे पायवाट. आलेले सगळे मोठे, पांढऱ्या चादरी घेतलेले. पालिकेच्या माणसानं कागदावरून देस्ता हे नाव वाचलं आणि बाजूला झाला. मग शांतता. हे त्यांच्याकडे बघतात, ते ह्यांच्याकडे. कोणी सुरू करेना. सुरू करील तो त्याच्यावर हक्क सांगेल, असं होतं ते. पेटी खाली जायला लागली तरी कोणी तोंड उघडेना. स्नेहानं माझा हात धरला होता. तो सोडवून मी पुढे गेलो.

मला वाटलं नुसती हाक मारावी. "आनंदराव!" म्हणून ओरडलो. मग हागोस म्हणालो, गमाचू म्हणालो, देस्ता म्हणालो. आणि पुढे जे तोंडातून आलं ते मराठी नव्हतं. गंगाची आई मेली तेव्हा गोकाकच्या बायका ज्या कानडीत रडल्या होत्या, ती कानडी. मला तसं रडता येतं हे मला माहीत नव्हतं. मी मातीत गुडघ्यावर बसलो. गंगाला रडलो, आनंदरावांना रडलो, कोणाला किती ते विचारू नका.

तेव्हा मागून एक म्हातारी सुरू झाली. घोगरी. मग पायवाटेच्या दुसऱ्या बाजूनं एक जाड आवाजाचा पुरुष. मग सगळेच. कोण कुठल्या भाषेत रडत होतं ते कळेना, सगळं एक झालं होतं. आणि त्यात एक लहान पोराचा आवाज होता. अगदी स्पष्ट. मी वळून बघितलं, स्नेहानंही बघितलं. पोर कोणीच आणलेलं नव्हतं.

शेजारच्या घराला आता पांढरा रंग दिलाय, भाडेकरू यायचाय. बेलपुढची चिठ्ठी हाउसमाइस्टरनं काढली. पण मला ते आठवतात ते पेटीपाशी नाही. अँब्युलन्स यायच्या आदल्या दिवशी मी दूध घेऊन परत आलो. सवयीनं बेलची पाटी वाचली. नाव पुन्हा बदललेलं. एकेक अक्षर जुळवलं. आनंदराव. भांडण झाल्यापासून आम्ही बोललो नव्हतो. मी लिफ्टपाशी गेलो तर ते आत उभे, हातात नदीकाठचं कापलेलं ओलं गवत भरलेली पिशवी. त्यांनी माझ्यासाठी दार धरलं. मी आत गेलो. ते दार सोडेनात. माझ्या मागे बघत थांबले, कोणी सावकाश आत येईपर्यंत थांबावं तसे. मग टोपी काढली, मान थोडी लववली आणि पिशवी पोटाशी धरून कोपऱ्यात सरकले. दोन माणसांची जागा केली.

दार बंद झालं. मीही जरा सरकून उभा राहिलो.